रंग गेल्यानंतरचं पाणी

हे मनन सावकाश करायचं आहे. एक भाग वाचून झाला की थोडं थांबा. श्वास नेहमीसारखा चालू द्या. समोर जे येईल त्याच्याजवळ पुरेसा वेळ राहिलं, तरच पुढचं नीट दिसेल.

पेला

मनात काचेचा एक मोठा पेला आणा. त्यात एक लिटर स्वच्छ पाणी आहे. कापड रंगवायच्या गडद निळ्या रंगाचा एक मिलिग्रॅम त्यात टाका. एक मिलिग्रॅम म्हणजे बारीक मिठाच्या दहा-पंधरा कणांचं वजन. ढवळा. कण विरघळतात, दिसेनासे होतात, आणि पाण्यावर निळसर झाक चढते. दहा लाख भाग पाण्यात एक भाग रंग, तरीही डोळ्याला तो कळतो.

आता दुसरा पेला. त्यात तेवढंच पाणी आणि रंगाऐवजी एक मिलिग्रॅम विरघळलेलं शिसं. पिण्याच्या पाण्यात शिशाची जी मर्यादा आपल्या देशाने ठरवली आहे, तिच्या शंभरपट हे प्रमाण आहे. पेला उजेडाकडे धरा. पाणी नितळ दिसतं.

दोन्ही पेले शेजारी ठेवून थोडा वेळ पाहत राहा. कोणता पेला बाजूला सारावासा वाटतो? निळा. कोणता ओठांना लावायला हात पुढे होईल? नितळ. आपल्या मनाची ही ओढ फार जुनी आहे आणि पुष्कळदा ती उपयोगी पडते. तिला दोष देऊ नका. ती कशावर विश्वास ठेवते, एवढंच आज नोंदवून ठेवा.

रेणू

निळ्या पेल्यात आणखी खोल उतरू. तिथे रंगाचे रेणू आहेत. कापडाच्या रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग ॲझो कुळातले. त्यांच्या मध्यभागी नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने एकमेकांना धरून असतात आणि दोन्ही बाजूंना कार्बनची वलयं असतात. इलेक्ट्रॉन एका वलयाकडून दुसऱ्या वलयापर्यंत पसरलेले असतात. पांढरा प्रकाश आत येतो तेव्हा हे इलेक्ट्रॉन त्यातला ठरावीक हिस्सा शोषून घेतात. उरलेला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो, आणि त्यालाच आपण रंग म्हणतो. जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या रंगांपैकी एक म्हणजे रिॲक्टिव्ह ब्लॅक 5. त्यात असे दोन ॲझो बंध आहेत. तो नारिंगी-पिवळ्या भागातला प्रकाश, सुमारे 597 नॅनोमीटरच्या आसपासचा, सर्वांत जास्त शोषतो, म्हणून विरळ पाण्यात तो निळा दिसतो.

हे रेणू निसर्गात नव्हते. 1856 मध्ये लंडनच्या अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने मलेरियावरचं क्विनाइन बनवण्याच्या खटपटीत डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांवर प्रयोग केले आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. दोनच वर्षांनी पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ॲझो रंगांची वाट उघडणारी अभिक्रिया शोधली. पुढची शंभर वर्षं रसायनशास्त्रज्ञांनी एकच ध्यास घेतला: रंग टिकला पाहिजे. उन्हात उडू नये, घामाने उतरू नये, साबणाने जाऊ नये. 1956 मध्ये सुती धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले आणि तो ध्यास मोठ्या प्रमाणात पुरा झाला.

इथे थांबा. या टिकाऊपणावर मन ठेवा. आपल्यालाच तो हवा होता. पहिल्याच धुण्यात विटलेला सदरा कुणालाही नको असतो. पण कापडावर न विटण्यासाठी घडवलेला रेणू नदीत गेला तरी तसाच राहतो. ऊन, हवा आणि पाणी यांना पुरून उरण्याचा जो गुण कापडावर आपल्याला आवडतो, तोच पाण्यात अडचण होतो. रेणू एकच आहे. तो कुठे आहे यावर सारं ठरतं.

ओढा

आता पेला सोडून एका खऱ्या गावी जाऊ. कोल्हापूर जिल्ह्यातलं इचलकरंजी. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग चालवला आणि जहागीरदार घोरपड्यांच्या पाठबळाने गावाने कापडाचा रस्ता धरला. आज गल्लीगल्लीतून मागांची खडखड ऐकू येते. सूत येतं, त्याला खळ देण्याचं सायझिंग होतं, कापड विणलं जातं आणि प्रोसेस हाउसमध्ये त्याचं ब्लीचिंग, रंगणी आणि धुलाई होते.

रंगाच्या बाथमध्ये काय चालतं ते मनात पाहा. गरम पाणी. त्यात रंग. रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलण्यासाठी मीठ, गडद छटेला लिटरमागे साठ ते ऐंशी ग्रॅमपर्यंत. नंतर सोडा ॲश, म्हणजे बंध जुळतो. पण रंगाचे सगळे रेणू धाग्यापर्यंत पोहोचत नाहीत. काही वाटेतच पाण्याशी अभिक्रिया करून बसतात. अशा रेणूची धाग्याशी जुळण्याची क्षमता संपलेली असते, रंग मात्र शाबूत असतो. रंगाच्या जातीनुसार दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत रंग असा मागे राहतो. मग धुलाई, पुन्हा धुलाई, साबणाचं पाणी, पुन्हा धुलाई. एक किलो सुती कापडामागे सत्तर ते दीडशे लिटर पाणी या सगळ्यात खर्ची पडतं.

हे पाणी कुठेतरी जातं. इचलकरंजीत शहराचं सांडपाणी घेऊन वाहणाऱ्या एका ओढ्याला लोक काळा ओढा म्हणतात. तो पंचगंगेला मिळतो. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती. प्रयाग चिखलीला त्या एकत्र येतात आणि नरसोबाच्या वाडीला कृष्णेच्या स्वाधीन होतात. या वाटेवर नदीत बऱ्याच ठिकाणांहून बरंच काही मिसळतं: गावांचं मैलापाणी, शेतातून निथळलेली खतं, कारखान्यांचं पाणी. रंगाचं पाणी त्यातला एक हिस्सा. इथे कुणा एकाकडे बोट दाखवायचं नाही. मागावर उभा असलेला कामगार, रंगणीवाला, शिरोळ तालुक्यात नदीच्या पाण्यावर ऊस पिकवणारा शेतकरी, वाडीच्या घाटावर उतरणारी म्हातारी, सगळे एकाच पाण्याच्या काठावर आहेत. त्या सगळ्यांना एकाच वेळी मनात घ्या. यातल्या कुणालाही वगळून विचार पुरा होत नाही.

देशात इतरत्रही हेच पाणी वाहिलं आहे. तमिळनाडूतल्या तिरुप्पूरच्या रंगणीशाळांमुळे नोय्यल नदी इतकी बिघडली, की 2011 च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयाने तिथल्या शेकडो रंगणीशाळा बंद करण्याचा आदेश दिला. 2017 च्या ऑगस्टमध्ये नवी मुंबईत तळोज्याजवळ निळी झालेली कुत्री लोकांनी पाहिली. कासाडी नदीच्या परिसरातल्या रंगद्रव्याने त्यांचे केस निळे झाले होते. छायाचित्रं सर्वदूर गेली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाई केली.

त्या घटनेचा क्षणभर विचार करा. ते द्रव्य बिनरंगी असतं तर कुत्री नेहमीसारखीच दिसली असती. छायाचित्र निघालं नसतं. कुणी दारही ठोठावलं नसतं. प्रदूषणातला रंग हा साक्षीदार आहे. तो स्वतः सगळा अपराध नाही, पण अपराध घडतो आहे हे तो सांगतो. म्हणून पाण्यातून रंग काढण्याच्या प्रत्येक उपायाला एक प्रश्न विचारावा लागतो: यात अपराध थांबतो, की फक्त साक्षीदार गप्प होतो?

हा प्रश्न सोबत घेऊन पुढे जाऊ.

हलवणं

रंगीत पाण्यात तुरटी किंवा लोहाचे क्षार टाकले, की रंगाचा काही भाग पुंजके धरून खाली बसतो. वर नितळ पाणी येतं, तळाशी रंगीत गाळ. रंग पाण्यातून गाळात गेला. सक्रिय कोळशातून पाणी गाळलं, की रंग कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत अडकतो. रंग पाण्यातून कोळशात गेला. तो कोळसा भरला की जाळावा लागतो, पुन्हा तापवून मोकळा करावा लागतो किंवा पुरावा लागतो.

पटलांमधून दाबाने पाणी ढकललं, की एका बाजूला शुद्ध पाणी निघतं आणि दुसऱ्या बाजूला अधिक दाट रंगाचं, अधिक खारं पाणी साठतं. रंग पाण्यातून पाण्यातच गेला, फक्त कमी जागेत.

जिवाणूंकडे हे काम सोपवलं तर? हवा मिळणारे जिवाणू ॲझो बंधाला सहसा हात लावत नाहीत. हवा नसलेल्या टाकीतले जिवाणू तो बंध तोडतात आणि रंग जातो. पण तुटलेल्या तुकड्यांतून अमाइन तयार होतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांतली काही शरीराला मूळ रंगाहून घातक असतात. अशी घातक अमाइन सोडणाऱ्या ॲझो रंगांवर जर्मनीने 1994 मध्ये आणि त्यानंतर भारतानेही बंदी घातली, त्यामागे हीच भीती होती.

या उपायांना कमी लेखू नका. गाळ वेगळा काढणं, पाणी दाट करणं, जिवाणूंना काम देणं हे सगळं लागतं. फक्त दर वेळी शांतपणे विचारा: तो गेला, पण कुठे गेला? गाळात, कोळशात, की न दिसणाऱ्या तुकड्यांत? वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं आणि ती वस्तूच मोडून टाकणं, यांतलं अंतर मनात स्पष्ट होऊ द्या.

पृष्ठभाग

आता मोडण्याच्या जागेकडे येऊ. पाण्यात दोन पत्रे समोरासमोर बुडवले आहेत. त्यांच्यामध्ये बोटभर किंवा त्याहूनही कमी जागा आहे. एकाला धन टोक, दुसऱ्याला ऋण टोक: हे दोन इलेक्ट्रोड, धनाग्र आणि ऋणाग्र. पाच-सहा व्होल्टचा दाब. बाहेरून विशेष काही दिसत नाही. ऋणाग्रावरून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठतात. जे घडायचं ते धनाग्राच्या अंगावर घडतं.

म्हणून ते अंग कशाचं बनलं आहे याला इतकं महत्त्व आहे. साधं लोखंड धनाग्र म्हणून ठेवलं तर ते स्वतःच विरघळतं. त्यातून सुटलेलं लोह रंगाला घेऊन खाली बसतं आणि पुन्हा गाळ होतो. साधा ग्राफाइट ठेवला तर तो हळूहळू झिजतो. मग पृष्ठभाग बदलावा लागतो.

1960 च्या दशकात हेन्री बीर यांनी टायटॅनियमच्या पत्र्यावर रुथेनियम ऑक्साइडचा थर चढवला. मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढणाऱ्या कारखान्यांत झिजणाऱ्या ग्राफाइटची जागा या पत्र्यांनी घेतली आणि तो उद्योगच बदलून गेला. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कराईकुडी इथल्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने टायटॅनियमवरच्या अशा न विरघळणाऱ्या धनाग्रांवर दीर्घकाळ काम केलं आहे.

असा पत्रा घडताना मनात पाहा. आधी वाळूचा मारा करून तो खरखरीत करतात. मग ऑक्झॅलिक आम्लात उकळतात. धातूच्या क्षाराचं द्रावण ब्रशने लावतात, वाळवतात आणि साडेचारशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजतात. पुन्हा द्रावण, पुन्हा वाळवणं, पुन्हा भट्टी. एका पातळ थरासाठी हे चक्र कितीदा तरी फिरतं. शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर चैत्र-वैशाखात तळं आटल्यावर तळाच्या चिखलाला पडतात तशा भेगा त्या थरावर दिसतात. या भेगांमुळे काम करायला पृष्ठभाग वाढतो. पण त्याच भेगांतून पाणी आणि ऑक्सिजन खाली टायटॅनियमपर्यंत उतरतात. तिथे वीज न वाहणारा ऑक्साइड धरतो आणि इलेक्ट्रोडचं आयुष्य संपतं. अँटिमनी मिसळलेल्या कथिलाच्या ऑक्साइडचा थर रंग मोडण्यात फार चांगला, पण तो लवकर निकामी होतो. त्याच्याखाली आणखी एक रक्षक थर द्यायचे प्रयत्न त्यासाठीच चालू असतात. शिशाच्या ऑक्साइडचा थर स्वस्त आणि जोरदार, पण त्यातून थोडंही शिसं पाण्यात उतरलं, तर रंग काढण्याच्या नादात आपण दुसरा पेला भरून ठेवतो.

आणखी एक पृष्ठभाग आहे: हिरा. शुद्ध हिऱ्यातून वीज वाहत नाही. मात्र हिरा घडत असताना हजारभर कार्बन अणूंमागे बोरॉनचा एखादा अणू त्यात बसवला तर वीज वाहू लागते. भरपूर हायड्रोजन आणि अगदी थोडा मिथेन अशा वायूत दोन हजार अंशांहून तापलेल्या तारेखाली सिलिकॉन किंवा नायोबियमचा तुकडा ठेवतात, आणि त्यावर हिऱ्याचा थर ताशी जेमतेम एखाद्या मायक्रॉनने, पुष्कळदा त्याहूनही मंद, वाढत जातो. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या गोष्टीला बाजार महाग म्हणतो, आणि ती खरोखरच महाग आहे.

त्या वाढीच्या गतीवर थोडा वेळ राहा. एका तासात एक मायक्रॉन. पुढे जे काही अफाट वेगाने घडणार आहे, त्याची सगळी तयारी इतकी संथ आहे.

सोडून देणं

धनाग्राच्या अंगाला पाण्याचा रेणू टेकतो. धनाग्र त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतं. पाण्याचा रेणू तुटतो आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं: ऑक्सिजनचा एक अणू, हायड्रोजनचा एक अणू आणि एक एकटा इलेक्ट्रॉन, ज्याला जोडीदार हवा आहे. पाण्यात वापरता येणाऱ्या ऑक्सिडीकारकांत याच्याहून बलवान फारसं कुणी नाही. क्लोरीनची क्षमता 1.36 व्होल्ट, ओझोनची 2.07, याची सुमारे 2.8.

1990 च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या तंत्रविद्यापीठात ख्रिस्तोस कोम्निनेलिस यांनी एक फरक मांडला, तो या सगळ्याच्या मुळाशी आहे. रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग या मूलकाला घट्ट धरतो, इतका की त्याचा ऑक्सिजन तो स्वतःच्या घडणीत सामावून घेतो. मग मूलकाचा जोर ओसरतो. रंगाचा रेणू अर्धवट मोडतो. उरलेला ऑक्सिजन बुडबुडा होऊन निघून जातो. हिऱ्याचा पृष्ठभाग मूलकाला जवळजवळ धरतच नाही. तिथे मूलक मोकळं राहतं, त्याची सगळी शक्ती शाबूत असते आणि समोर येणाऱ्या सेंद्रिय रेणूला ते शेवटपर्यंत मोडू शकतं.

सावकाश वाचा: जो पृष्ठभाग कमी धरतो, त्याच्यापाशी काम पुरं होतं. हे रसायनशास्त्राचं मोजून पाहिलेलं वचन आहे. त्यातून आपल्या जगण्याविषयी काही उमटलं तर उमटू द्या. नाही उमटलं तरी चालेल.

या मुक्त मूलकाचं आयुष्य डोळ्याच्या पापणीच्या हिशेबात मोजता येत नाही. ते सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावं लागतं. तेवढ्यात ते पृष्ठभागापासून एका मायक्रॉनहूनही कमी अंतर जाऊ शकतं. ते केसाच्या जाडीच्या सत्तराव्या-ऐंशीव्या भागाएवढंही नसतं. टाकी केवढीही मोठी असली, तरी मोडण्याची जागा एवढीच, एक अतिशय पातळ पापुद्रा. रंगाच्या रेणूला तिथवर यावं लागतं. म्हणून अभियंते पाणी खेळतं ठेवतात, पत्र्यांमधलं अंतर कमी करतात, पत्र्याऐवजी जाळी वापरतात, जाळीच्या छिद्रांतूनच पाणी ढकलतात.

आता एका रेणूसोबत राहा. रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 चा एक रेणू प्रवाहाबरोबर त्या पापुद्र्यात येतो. मूलक ॲझो बंधापाशी आघात करतं. बंध तुटतो. पसरलेले इलेक्ट्रॉन आता पसरू शकत नाहीत. त्या क्षणी रंग संपला.

इथे थांबा. पूर्ण थांबा.

बाहेर उभा असलेला माणूस पाण्याकडे पाहतो आणि म्हणतो, झालं. आत मात्र वलयं तशीच आहेत. पुढचे आघात त्यांच्यावर व्हायचे आहेत. वलयांची क्विनोन होतात. मधल्या टप्प्यावरची अशी काही संयुगं मूळ रंगापेक्षाही विषारी असू शकतात. मग वलय उघडतं आणि मॅलेइक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल, फॉर्मिक आम्ल असे लहान लहान तुकडे होतात. त्यांच्यावरही आघात होतात. शेवटी कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो, गंधकाचं सल्फेट, नायट्रोजनचं नायट्रेट किंवा अमोनियम. आता खरोखर मोडून झालं. रंग जाण्याच्या क्षणापासून इथवरचा सगळा प्रवास रंगहीन पाण्यात झाला. डोळ्याला त्यातलं काहीच दिसलं नाही.

मीठ

एक गोष्ट आणखी. रंगणीच्या पाण्यात मीठ असतं. जिवाणूंना ते जाचतं, विजेला मात्र ते वाट करून देतं, कारण खारं पाणी चांगलं वाहक असतं. शिवाय धनाग्रावर मिठातल्या क्लोराइडचा क्लोरीन होतो आणि त्यातून पाण्यात हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. ते पृष्ठभागापासून दूर जाऊन टाकीभर काम करतं. रंग झपाट्याने उडतो. गडद पाणी बघता बघता नितळ होतं, कमी विजेत आणि स्वस्त पत्र्यावर.

मन इथे खूश होतं. त्याला होऊ द्या, पण जाऊ देऊ नका. हेच क्लोरीन सेंद्रिय तुकड्यांना चिकटून क्लोरीनयुक्त संयुगं बनवतं. क्लोरोफॉर्म त्यांतलंच एक. हिऱ्याच्या धनाग्रावर क्लोराइड पुढे पुढे जात क्लोरेट आणि परक्लोरेटही होऊ शकतं, आणि परक्लोरेट थायरॉइड ग्रंथीच्या आयोडीन घेण्याच्या कामात अडथळा आणतं. सर्वांत वेगाने नितळ झालेलं पाणी सर्वांत निर्धोक असेलच असं नाही. वीज, पृष्ठभाग आणि मीठ यांचा मेळ नीट बसवला तर ही वाट उत्तम आहे. आंधळेपणाने चाललं तर साक्षीदार गेला आणि नवे अपराधी आले, असं होतं.

म्हणूनच जाणकार माणसं रंगासोबत आणखी एक आकडा विचारतात: सीओडी, म्हणजे पाण्यातलं सगळं सेंद्रिय द्रव्य जाळायला लागणारा ऑक्सिजन. आपल्याकडच्या 2016 च्या कापड उद्योगाच्या मानकांत रंगाला एक मर्यादा आहे, सीओडीला लिटरमागे 250 मिलिग्रॅमची वेगळी मर्यादा आहे आणि विरघळलेल्या क्षारांना तिसरी. हे तीन आकडे वेगवेगळे ठेवण्यात मोठं शहाणपण आहे. एक दिसतो, दोन दिसत नाहीत.

हिशेब

शेवटी हिशेबाकडे येऊ. 1834 मध्ये मायकेल फॅरेडेने जे नियम मांडले, त्यांनी विजेला काटेकोर वहीखातं दिलं. किती वीज वाहिली यावर किती द्रव्य बदलेल हे ठरतं. यात घासाघीस होत नाही.

एक शर्ट घ्या. कापड 200 ग्रॅम. किलोमागे 100 लिटर धरले तर त्याच्या रंगणीचं पाणी 20 लिटर. लिटरमागे एक ग्रॅम सीओडी धरू, म्हणजे 20 ग्रॅम. ते पूर्ण जाळायला जेवढा ऑक्सिजन लागेल, त्याच्या बरोबरीचे इलेक्ट्रॉन म्हणजे अडीच मोल, 15 वर 23 शून्यं. पत्र्यांमध्ये पाच व्होल्ट धरले आणि एकही इलेक्ट्रॉन वाया गेला नाही असं मानलं, तर साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. दहा वॅटचा दिवा तेहतीस तास जळेल एवढी.

प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन वाया जातात. सुरुवातीला पाण्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर असतं आणि प्रत्येक मूलकाला काम मिळतं. पुढे पाणी शुद्ध होत जातं तसे पापुद्र्यात पोहोचणारे रेणू विरळ होतात, मूलकं एकमेकांनाच भिडतात आणि वीज नुसत्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांत जाते. शेवटचा ग्रॅम पहिल्या ग्रॅमपेक्षा फार महाग पडतो. एक तृतीयांश युनिटाचं एक युनिट सहज होतं, कधी त्याहून जास्त. म्हणून सुज्ञ रचनेत विजेकडून सगळं काम करून घेत नाहीत. हट्टी वलयं फुटेपर्यंत वीज वापरायची आणि जिवाणूंना पचतील असे तुकडे झाले की पुढचं त्यांच्यावर सोपवायचं. मीठ तरीही पाण्यात राहतंच. ते वेगळं काढायला पटलं आणि बाष्पक लागतात. इलेक्ट्रोड ते करू शकत नाही. कोणतंही एक यंत्र नदी वाचवत नाही. प्रत्येकाला आपलं काम आणि आपली मर्यादा कळावी लागते.

या हिशेबाजवळ थोडा वेळ बसा. एक शर्ट आणि एक-दोन युनिट वीज. त्यात पत्र्यांची झीज, यंत्रणेचा खर्च आणि माणसांची मजुरी मिळवली तरी एका शर्टामागे ही रक्कम काही रुपयांचीच होते. शर्ट विकत घेताना आपण एवढी घासाघीस करूनही घेतो. पण रंगणीच्या प्रोसेस हाउसला मीटरमागे मिळणारी मजुरी इतकी तुटपुंजी असते, की तिथे हेच काही रुपये डोंगराएवढे होतात. मग रात्री झडप उघडते. तो खर्च तेव्हाही कुणीतरी करतंच: शिरोळचा शेतकरी, बंधाऱ्यात मरून तरंगणारे मासे, टँकरची वाट पाहणारं गाव. फॅरेडेचा हिशेब कुणाला चुकत नाही. तो कोणाच्या नावावर लिहायचा, एवढंच माणसं ठरवतात.

यानंतर

मनन इथे संपतं, आणि त्यातून दोन गोष्टी हाती घ्याव्यात असं मला वाटतं.

पहिली, प्रश्न विचारण्याची. प्रकल्पाच्या उद्घाटनाला डाव्या हातात काळं आणि उजव्या हातात नितळ पाणी धरून कुणी दाखवलं, तर त्याच्या श्रमाला दाद द्या आणि आदराने विचारा: सीओडी किती उतरला? क्लोरीनयुक्त संयुगं तपासली का? इलेक्ट्रोडमधून काही पाण्यात उतरतं का? मीठ कुठे गेलं? हे प्रश्न तज्ज्ञांपुरते ठेवू नयेत. नगरपालिकेत, ग्रामसभेत, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, वर्तमानपत्रात ते नेहमीचे झाले पाहिजेत. संशोधकांनाही हीच विनंती आहे. वीस मिनिटांत रंग 98 टक्के गेला, एवढ्यावर आपला लेख संपवू नका. खऱ्या प्रोसेस हाउसचं खारं, गरम, सतत बदलणारं पाणी घ्या आणि रंग गेल्यानंतरचे तास मोजा.

दुसरी गोष्ट पैशांची. स्वस्त कापडाच्या किमतीत पाण्याचं देणं धरलेलं नसतं. ते धरलं जावं, रंगणीवाल्याला त्याचा मोबदला मिळावा आणि तो मिळाल्यावर त्याच्याकडून चोख काम मागितलं जावं. त्यासाठी शर्टाला वीस रुपये जास्त मोजावे लागले तर ते मला मान्य आहे, आणि पंचगंगेकाठचं असो वा नोय्यलकाठचं, कोणतंही कापड अंगावर घालणाऱ्या प्रत्येकाला ते मान्य व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.